क्लिंटन यांचे शार्लटमधील भाषण
शार्लट येथील डेमोक्रॅटिक पक्षाच्या २०१२ च्या अधिवेशनात माजी अध्यक्ष बिल क्लिंटन आपल्या भाषणाने पुन्हा उमेदवार असलेल्या अध्यक्ष ओबामांना झाकोळून टाकतील, अशी भीती एका लेखात व्यक्त झाली होती; ती मला अनाठायी वाटते. १९८८ साली अटलांटा येथे पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून मायकेल डुकाकिस यांचे नाव सुचवताना क्लिंटन इतके लांबले होते की, समारोपाची चाहूल लागताच सभागृहाने टाळ्या वाजवल्या; त्यामुळे ५ सप्टेंबर २०१२ च्या रात्री धाकधूक होतीच. याही वेळी ते लांबले, मसुद्याबाहेर जात पाऊण तासाहून अधिक बोलले, पण मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना), रोजगार आणि तूट यांचा हिशेब त्यांनी शाळामास्तरांच्या चिकाटीने उलगडला, आणि आपण शिलकी अर्थसंकल्प कसे साधले याचे उत्तर ‘अंकगणित’ एवढेच दिले. ओबामा आणि क्लिंटन यांच्या पत्नी हिलरी यांच्यातील २००८ च्या उमेदवारीच्या लढतीतली कटुता आठवली, तर मंचावरची क्लिंटन-ओबामांची गळाभेट अधिकच बोलकी ठरते. मात्र स्वतःची बाजू इतक्या सोप्या भाषेत ओबामांना चार वर्षांत मांडता आली नाही, हे खटकते.