मुलग्यांचा नाच शेवटच्या आठवड्यात उरकू नका

गॅदरिंग जवळ आलं की बऱ्याच शाळांत मुलींचा नाच महिनाभर आधी बसवायला घेतात आणि मुलग्यांना शेवटच्या आठवड्यात सिनेमातलं एखादं गाणं लावून 'बसवा काहीतरी' म्हणून सोडून देतात. मग स्टेजवर दोघं-तिघं नाचतात, बाकीचे त्यांच्याकडे बघत हात हलवतात, आणि 'मुलग्यांना नाचता येत नाही' असा शिक्का बसतो. हा सरळसरळ अन्याय आहे. धनगरांचं गजनृत्य, वारकऱ्यांची पावली, पालघरकडचा तारपा हे सगळं पुरुष नाचत आलेत, तेही चारचौघांत.

पाचवी ते आठवीच्या मुलग्यांना लेझीमपासून सुरुवात करून द्या. हातात साधन आलं की हातांचं काय करायचं हा प्रश्न मिटतो आणि निम्मी लाज तिथंच गळून पडते.

पण पहिल्याच दिवशी लेझीम वाटू नका. आधी नुसते पाय. आठ अंक मोठ्यानं मोजत डावा-उजवा पक्का होऊ दे. मग जागेवर उभं राहून नुसते हात, आणि ते जमल्यावरच दोन्ही एकत्र. पीटीच्या तासातली रोजची पंधरा मिनिटं दिली तर सहा आठवड्यांत सात-आठ प्रकार नीट बसतात. आवाज मिळमिळीत येत असेल तर साखळी पुरती ताणली जात नाहीये असं समजा. दांडा आणि मूठ झटक्यानं लांब गेली पाहिजेत आणि तितक्याच झटक्यानं मिटली पाहिजेत. पाचवीच्या मुलाला मोठ्यांची जड लेझीम दिली की त्याचं मनगट दुखतं आणि तो अर्धाच झटका देतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दिशा बदलताना. येणारी मुलं पुढच्या ओळीत, न येणारी मागं, अशी मांडणी सगळीकडं असते. तोंड फिरवलं की मागची ओळ पुढं येते आणि तिला बघून करायला कुणीच उरत नाही. म्हणून पक्की चार मुलं चार कोपऱ्यांत ठेवा. सोळा मुलांना चार बाय चार उभं करायचं तर किमान वीस फूट लांब-रुंद जागा लागते. शाळेच्या स्टेजवर ती नसेल तर सरळ मैदानावर घ्या.

शक्यतो स्पीकरवर गाणं नकोच, हलगी घ्या. पोरं गडबडली तर हलगीवाला लय धरून ठेवतो, रेकॉर्डिंग कुणासाठी थांबत नाही. सातवी-आठवीत उंची भराभर वाढते, पायाचा अंदाज चुकतो. अशा मुलाला ओरडू नका, त्याच्यासाठी लय आठवडाभर संथ ठेवा. नाचायचंच नसेल त्याच्याकडं झांज द्या. 'बायकी' म्हणून कुणी चिडवलं तर तिथल्या तिथं थांबवा, हसण्यावारी नेऊ नका.

आणि धोतर नेसवणार असाल तर निदान दोन तालमी धोतरावरच घ्या. ऐनवेळी नेसवलेलं धोतर पहिल्या बैठकीलाच सुटतं, आणि ते पोरगं पुढच्या वर्षी नाव देत नाही.