अंजनीच्या रानाला झुडपं म्हणू नका

पावसाळा तोंडावर आला की वृक्षारोपणाची आमंत्रणं सुरू होतात. यंदा मला तीन आली, तिन्ही घाटमाथ्यावरची. तिन्हींना मी नाही म्हटलं. बोलावणारी माणसं चांगली आहेत, पदरमोड करून येतात, म्हणून नुसतं नाही म्हणून गप्प बसणं बरं वाटेना. कारण इथे लिहितेय.

महाबळेश्वर, कोयना, भीमाशंकर, आंबा घाट, राधानगरी. या माथ्यांवरचं सदाहरित जंगल हे वर्षावनच आहे. पण वर्षावन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आभाळाला भिडलेली झाडं येतात आणि इथे कड्याजवळ बघावं तर पंधरा-वीस फुटांची, वेडीवाकडी, एकमेकांत गुंतलेली अंजनी, जांभूळ, पिसा. मग लोक त्याला सरळ झुडपं म्हणतात. आणि एकदा झुडपं म्हटलं की तोडताना हात अडखळत नाही. हीच जांभळं खालच्या घळीत, वाऱ्याच्या आडोशाला, मस्त उंच वाढतात. कड्यावर वारा त्यांना वर येऊ देत नाही, एवढंच. तिथली मनगटाएवढ्या खोडाची अंजनी कोवळी समजू नका. तिचं लाकूड लोखंडासारखं कठीण असतं आणि वाढ अतिशय सावकाश.

या रानाचं खरं कौतुक पावसाळ्यात नाही, मार्च-एप्रिलमध्ये कळतं. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पुढचे सात-आठ महिने कोरडे. दक्षिणेकडे, केरळच्या टोकाला, कोरडा काळ जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. इतका लांब उन्हाळा सोसून हिरवं राहणारं वर्षावन उभं कसं राहतं? चिवट जाड पानं, खोलवर गेलेली मुळं, वरचं दाट छत, खाली पालापाचोळ्याची गादी आणि पहाटेचं धुकं-दव. यातलं एक काढलं की बाकीचं डळमळतं.

कधी एप्रिलच्या दुपारी तिथे असाल तर एक करून बघा. बाहेर जांभा खडक तापलेला असतो, चपलेतून चटका लागतो. तिथून दहा-पंधरा पावलं आत अंजनीच्या छताखाली या आणि पाचोळा हातानं बाजूला करा. खालची माती काळी, गार, ओलसर लागते. खोडावरचं शेवाळ मात्र वाळून कुरकुरीत झालेलं असतं, मेलंय असंच वाटतं. माझ्या बाटलीतलं थोडं पाणी मी एकदा त्यावर ओतलं. काही मिनिटांत ते फुगलं, पोपटी हिरवं झालं, आणि त्यात दडलेली नेच्याची इवलीशी पानंही दिसायला लागली. त्याच शेवाळात आमरीचं, म्हणजे ऑर्किडचं, धुळीएवढं बी अडकतं. त्या बियांत स्वतःची शिदोरी नसते, योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं. एका फांदीवर हा एवढा संसार असतो. ती फांदी 'रस्त्यात येते' म्हणून छाटली जाते तेव्हा मला फार वाईट वाटतं.

आता रोपांकडे येते. इथल्या कित्येक झाडांचं बी साठवून ठेवता येत नाही. जांभळाचंच घ्या. फळ खाल्लं, बी वाळवून डब्यात ठेवलं की काही आठवड्यांत गेलं. उदमांजरानं, बुलबुलानं, धनेशानं फळ खावं आणि सावलीत, पाचोळ्यात बी पडून लगेच रुजावं, अशी ही रीत आहे. म्हणजे आसपास मोठी झाडं हवीत, फळं खाणारे प्राणी-पक्षी हवेत आणि सावलीही हवी. ट्रकमधून आणलेल्या गुलमोहराच्या, सिल्व्हर ओकच्या, ग्लिरिसिडियाच्या रोपांनी हे होत नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमाला मीही गेले होते. मोकळा सडा, म्हणजे माथ्यावरचं खडकाळ पठार, बघून तिथे यंत्रानं खड्डे घेतले होते. सडा म्हणजे ओसाड जागा असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. वास्तविक त्या वीतभर मातीवर पावसाळ्यात गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू अशा इवल्या रानफुलांच्या वनस्पती उगवतात. तिथे झाडं नाहीत कारण तिथे झाडं नसायचीच असतात. आम्ही उत्साहानं रोपं लावली, फोटो काढले. पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा गेले. रोपं वाळून काड्या झाल्या होत्या आणि उकरलेल्या मातीत रानमोडीचं तण माजलं होतं. ते खड्डे अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

मग हातावर हात ठेवून बसायचं का? अजिबात नाही. उभं आहे ते रान राखणं हे सगळ्यात मोठं काम आहे. फेब्रुवारीत वणवे सुरू होतात. कड्यावरच्या गवतातून आग येते, दरवर्षी रानाची कड दोन हात आत खाते, तिथे ऊन-वारा शिरतो आणि मागोमाग घाणेरी आणि रानमोडी. ती कड वाचवायला जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढणारी माणसं हवीत. आणि जिथे पूर्वी खरंच सदाहरित जंगल होतं, तिथे रोपं लावायचीच असतील तर शेजारच्याच रानातलं ताजं बी गोळा करून, सावलीतल्या रोपवाटिकेत दोन-तीन वर्षं वाढवून लावावीत. तमिळनाडूतल्या अण्णामलाईत, वालपराईच्या चहामळ्यांत उरलेल्या वर्षावनाच्या तुकड्यांवर नेचर कन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेची माणसं वीसहून जास्त वर्षं हेच करतायत. शंभराहून जास्त स्थानिक जातींचा विचार, तण काढणं, पुन्हा लावणं. एका रविवारचं काम नाही ते.

कायद्याचं काय, असं कुणीतरी विचारेलच. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये झाला. २०१२ मध्ये कास, कोयना, चांदोली, राधानगरी जागतिक वारसा यादीत गेले. पश्चिम घाट कसा राखायचा यावर नेमलेल्या गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. त्यानंतर घाटातलं संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या अधिसूचनेचे मसुद्यामागून मसुदे निघाले, सहावा ३१ जुलै २०२४ ला. त्यात महाराष्ट्रातलं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. इतक्या वर्षांत मसुद्यांच्या चर्चेत किती कडे खचले, किती घळी उघड्या पडल्या!

पण गावांना दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. बरंच रान लोकांच्या मालकीचं आहे. घरात आजारपण आलं, लग्न निघालं की ठेकेदार रोख पैसे घेऊन दारात उभा असतो. 'तोडू नका' म्हणणाऱ्यांनी राखण्याचा मोबदला कोण देणार तेही सांगायला हवं. आंबेगाव-जुन्नरकडे हिरड्यानं हे थोडंफार साधलंय. झाड उभं ठेवलं की दरवर्षी बाळहिरड्याचे, म्हणजे त्याच्या कोवळ्या फळांचे, पैसे येतात, मग कुऱ्हाड चालवावीशी वाटत नाही.

तर आमंत्रण देणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे: जूनमध्ये मी येणार नाही. जानेवारीच्या शेवटी जाळरेषा काढायला बोलवा, दोन दिवस विळा घेऊन येते. काम झालं की आत एक अंजनी दाखवेन. साधारण त्या दिवसांच्या पुढेमागे तिच्या बोडक्या फांद्यांना थेट सालीतून निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ फुटायला लागतात.