पिझ्झा खायला न्यूयॉर्कला कशाला जाता?

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातली आपली मराठी मंडळी घरी पाहुणे आले की त्यांना पिझ्झा खायला न्यूयॉर्कला नेतात. हार्टफर्डहून निघायचं, आय-९१ ने न्यू हेवनपर्यंत यायचं आणि तिथे न थांबता आय-९५ धरून पुढे ट्रॅफिकमध्ये बसायचं. हे दोन हायवे जिथे मिळतात तिथून वूस्टर स्ट्रीट गाडीने जेमतेम पाच मिनिटांवर आहे. त्या रस्त्यावर १९२५ पासून कोळशाच्या भट्टीत पिझ्झा भाजला जातोय आणि आपण त्याच्या शेजारून सरळ निघून जातो. मला हे मनापासून लागतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

शनिवारी आम्ही वूस्टर स्ट्रीटवरच्या फ्रँक पेपेज या पिझ्झाच्या दुकानात गेलो होतो. माझी सगळ्यात आवडती जागा, आणि तिथे जायचं ते थंडीतच, हे माझं ठाम मत आहे. उन्हाळ्यात रांग पार फुटपाथभर पसरते, बाहेरून आलेल्यांची गर्दी असते. जानेवारीत पारा शून्याखाली गेला, समुद्रावरून बोचरा वारा सुटला की ज्यांना खरंच खायचंय तेच येतात. रांग होतीच, पण सरकत होती. दार उघडलं की दर वेळी आतून भाजलेल्या पिठाचा आणि लसणाचा वास बाहेर यायचा, आणि सगळी रांग एक पाऊल पुढे सरकायची. आत गेल्यावर चष्म्यावर वाफ धरते, काही दिसत नाही. कोट, टोप्या, मफलर यांचा ढीग बूथच्या (समोरासमोर बाकं असलेल्या टेबलाच्या) कोपऱ्यात रचायचा आणि भट्टी दिसेल अशी जागा पकडायची.

ती भट्टी बघण्यासारखी आहे. आत काम करणाऱ्याच्या हातात लांबच लांब दांड्याची लाकडी फळी असते. ती तो आत खोल घालतो, पिझ्झ्याची कड किंचित उचलून खालची बाजू बघतो, अर्धा वळसा देतो आणि परत मागे सरकवतो. घड्याळ बघताना मी त्यांच्यापैकी कोणाला पाहिलेलं नाही. भट्टीचा कुठला कोपरा जास्त तापलाय, कुठे जरा निवलंय, हे त्यांना ठाऊक असतं. कागद घातलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये पिझ्झा येतो तो धड गोल नसतो, लंबगोलही नसतो. काप वेडेवाकडे, कड फुगलेली, आणि तिच्यावर काळे फोड. खाताना बोटं काळी होतात.

या काळ्या रंगावरच बहुतेकांचं घोडं अडतं. ‘जळलाय’ म्हणून परत पाठवणारी माणसं मी शेजारच्या टेबलांवर पाहिली आहेत आणि मला फार वाईट वाटतं. भट्टीत जळतो तो अँथ्रासाइट, म्हणजे अतिशय कडक दगडी कोळसा. त्याला धूर जवळजवळ नसतो. लाकडात ओल असते, जळताना तिची वाफ होते. या कोळशात ओल फार कमी, त्यामुळे उष्णता कोरडी. भट्टीचं तापमान सहज ६०० अंश फॅरनहाइटच्या पुढे असतं. अशा कोरड्या उष्णतेत पातळ पोळी वरून पटकन कडक होते आणि आतून चिवट राहते. दाताने ओढून तोडावी लागते. गॅसच्या ओव्हनमध्ये हे जमत नाही, कितीही पैसे मोजले तरी. काळे डाग काढून टाकायला सांगितले तर तुम्ही त्या पिझ्झ्याची चवच काढून टाकायला सांगताय.

सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा मला धाकधूक होती. त्यांनी एक तुकडा उचलला, उलटा करून खालची बाजू पाहिली आणि म्हणाल्या, “अगं, भाकरीला असे डाग पडले नाहीत तर आपण ती कच्ची म्हणतो.” एवढं बोलून त्यांनी दुसरा तुकडा घेतला.

दुसरी अडचण चीजची. इथला साधा पिझ्झा म्हणजे टोमॅटो पाय (इंग्रजीतला ‘पाय’, म्हणजे इथे पिझ्झाच): कुस्करलेले टोमॅटो, ऑलिव्ह तेल, ओरेगॅनो आणि वरून किसलेलं पेकोरिनो रोमानो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं कडक चीज. बस. मोझरेला हे वेगळं टॉपिंग आहे, हवं असेल तर मागून घ्यायचं. जुने लोक त्याला ‘मूट्झ’ म्हणतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं, एक तरी पिझ्झा मोझरेलाशिवाय मागवा. चीजचा थर नसला की टोमॅटोचा आंबटगोडपणा आणि पिठाची चव कळते. पीठ थंडीत सावकाश आंबवलेलं असतं, ते कळायला जीभ मोकळी लागते. हॅलापेन्यो, एक्स्ट्रा चीज आणि वरून चिली फ्लेक्सचा सडा ही आपली सवय घरच्या पिझ्झ्याला ठीक आहे.

(शाकाहारी मंडळींसाठी: टोमॅटो पायमध्ये मांस नसतं, पण पेकोरिनो रोमानो कोकराच्या रेनेटने (त्याच्या पोटातून काढलेल्या, दूध गोठवणाऱ्या विरजणाने) बनतं. जे हे कटाक्षाने पाळतात त्यांनी ऑर्डर देतानाच किसलेलं चीज नको म्हणून सांगावं.)

आणि जे शिंपल्या, तिसऱ्या खातात त्यांनी व्हाइट क्लॅम, म्हणजे शिंपल्यांचा पिझ्झा, चुकवणं हा अन्याय आहे. टोमॅटो नाही, मोझरेला नाही. ताज्या सोललेल्या लिटलनेक शिंपल्या, लसूण, ऑलिव्ह तेल, ओरेगॅनो, किसलेलं चीज. हा प्रकार पेपेजमध्येच जन्माला आला. कच्च्या शिंपल्या तिथे आधीपासून मिळायच्याच, त्या पुढे पिझ्झ्यावर गेल्या. शिंपल्यांचं खारं पाणी पिठात मुरतं आणि लसणाचे तुकडे कडेला कुरकुरीत होतात. सोबत फॉक्सन पार्कचा सोडा घ्यावा. ही कंपनी शेजारच्या ईस्ट हेवनमधली, १९२२ पासूनची. मला त्यांचा व्हाइट बर्च नावाचा सोडा आवडतो, मुलांना द्राक्षाचा.

या सगळ्यामागे माणसं आहेत, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटतात. दक्षिण इटलीतून, विशेषतः अमाल्फीच्या किनाऱ्यावरून, माणसं न्यू हेवनच्या कारखान्यांत मजुरीला आली. सार्जंट कंपनीचा कुलपं आणि लोखंडी सामान बनवणारा कारखाना होता, कॉर्सेटचे कारखाने होते, रबराचा होता. वूस्टर स्क्वेअरच्या आजूबाजूला त्यांची वस्ती झाली. फ्रँक पेपे त्याच किनाऱ्यावरच्या मायोरी गावचा. १९०९ मध्ये पोरवयात इथे आला, पहिल्या महायुद्धात इटलीच्या बाजूने लढायला परत गेला, पुन्हा आला आणि १९२५ मध्ये दुकान थाटलं. १९३४ मध्ये स्टेट स्ट्रीटवर मॉडर्न हे पिझ्झाचं दुकान सुरू झालं. १९३८ मध्ये पेपेच्या भाच्याने त्याच वूस्टर स्ट्रीटवर सॅलीज काढलं. कोणतं श्रेष्ठ यावर इथली घरं आजही भांडतात.

नंतर आय-९१ बांधला गेला तो याच वस्तीच्या अंगावरून. घरं पडली, माणसं उपनगरांत पांगली. ज्या हायवेवरून आपण न्यूयॉर्कला सुसाट जातो त्याची किंमत या गल्लीने मोजलेली आहे. तरी भट्ट्या विझल्या नाहीत. २०२४ मध्ये याच वस्तीत वाढलेल्या खासदार रोझा डिलॉरो यांनी अमेरिकेच्या संसदेत न्यू हेवनला देशाची पिझ्झा राजधानी म्हणून नोंदवलं. शिकागो आणि न्यूयॉर्कवाले काय म्हणायचं ते म्हणोत, मला ते वाचून भरून आलं. मी काही इथली नाही. पण इतकी वर्षं इथलं अन्न खाल्ल्यावर एवढा अभिमान वाटायचा हक्क मला आहे असं मी समजते.

‘हार्टफर्डजवळच्या मँचेस्टरला पेपेजची शाखा आहे की, तिथे खातो आम्ही,’ असं काही जण म्हणतील. जरूर खा. पदार्थ तेच, भट्टीही कोळशाचीच. माझं म्हणणं इतकंच, की एकदा तरी मूळ जागी जाऊन बसा. आणि कुठेही खा, पण घरी नेऊ नका. डब्याचं झाकण लागलं की आत वाफ कोंडते आणि भट्टीने कोरड्या उष्णतेत जे कमावलं ते दहा मिनिटांत ओलं होऊन लिबलिबीत पडतं. अगदीच नेणं भाग असेल तर झाकण उघडं ठेवा. नाहीतर गाडीतच हीटर लावून खा, शनिवारी एक जोडपं तेच करत होतं, अगदी आनंदात.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा जाणार आहोत, मधल्या वारी, दुकान उघडायच्या वेळेला, म्हणजे रांग लागत नाही. दोन टोमॅटो पाय, एक व्हाइट क्लॅम आणि मुलांसाठी एक मूट्झवाला, असा बेत आहे. बूथमध्ये दोन जागा मोकळ्या आहेत. हार्टफर्डकडून कोणाला यायचं असेल तर मेसेज करा, वाटेत घेऊ.