ट्यूलिपला गोधडी

न्यू जर्सीतल्या एप्रिलवर विश्वास ठेवायचा नसतो, हे बारा वर्षांत मला कळायला हवं होतं. सोमवारी मी अर्ध्या चड्डीत बागेत हिंडत होतो. बुधवारी दुपारी फोन थरथरला: आज रात्री पारा 27 फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ उणे 3 सेल्सिअस. आणि माझे ट्यूलिप नेमके आदल्या दिवशी उमललेले.

गेल्या ऑक्टोबरात गुडघे टेकून, सहा-सहा इंच खोल साठ खड्डे खणून मी ते कंद पुरले होते. व्हिडिओ कॉलवर निफाडहून अण्णांनी विचारलं, "कांदे लावतोस का रे?" मी किंमत सांगितली, तेव्हा ते बराच वेळ गप्प झाले. मनात लासलगावचा भाव चालू असावा. साठातले चौदा खारींनी आठवड्याभरात उकरून खाल्ले. डॅफोडिलचा कंद विषारी, त्याला त्या तोंड लावत नाहीत. उरले सेहेचाळीस. या कंदांना फुलायला आधी तीन-चार महिने थंडी लागतेच. अख्खा हिवाळा त्यांनी बर्फाखाली बिनतक्रार काढला. आणि आता फुलं आल्यावर एका रात्रीच्या गारठ्याचं त्यांना वावडं!

दुपारी मी वाफ्याला पाणी घालायला घेतलं. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते. आई खिडकीतून ओरडली, "अरे, थंडीत न्हाऊ घालतोस होय त्यांना?" तिला पटेना, म्हणून अण्णांना फोन. तिकडे मध्यरात्र उलटलेली. अण्णा शिव्या न देता उठले, कारण विषय थंडीचा होता. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून अशा कैक रात्री त्यांनी बागेत काढल्यात. "पाणी दे, बरोबर आहे. आणि चार कोपऱ्यांत शेकोट्या पेटव."

इथली घरं लाकडाची. शेकोटी पेटली की अग्निशमन दल माझ्याआधी बागेत पोचेल. मी पांघरुणावर आलो.

पांघरूण सूर्य मावळायच्या आत घालायचं, कडा जमिनीला टेकवायच्या, म्हणजे मातीची ऊब आत कोंडते. प्लास्टिक चालत नाही. पाकळीला चिकटतं तिथे ती गारठून करपते. म्हणून चादरी. पाहुण्यांच्या चादरी संपल्या, मग आमच्या, मग बायकोने नुसतं बघितलं म्हणून उशांचे अभ्रे मी सोडून दिले. दोन बादल्या उपड्या घातल्या. कुंडीतल्या एकुलत्या एका ट्यूलिपला आईने माझी माकडटोपी चढवली. तरी कोपऱ्यातले अकरा उघडेच. तेव्हा आईने आतून गोधडी आणली. तिच्या जुन्या नऊवारींची, हाताने शिवलेली, तेवीस किलोच्या बॅगेत चार किलो जागा खाऊन आलेली.

कुत्रा फिरवणारे शेजारी ओळीने पसरलेल्या पांढऱ्या चादरींकडे बघत थांबले. "घरी सगळं ठीक ना?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

रात्री आभाळ निरभ्र, वारा ठप्प; दव गोठायला याहून चांगला मुहूर्त नाही. मी तीनदा उठलो. बिनचादरीच्या गादीवर तसंही झोप लागत नव्हती.

सकाळी चादरी काढल्या, तर सगळी फुलं माना टाकून पडलेली. मी पायरीवर सुतक धरून बसलो. दहा वाजता ऊन आलं आणि एकेक मान वर येऊ लागली, सकाळच्या शाळेतल्या पोरांसारखी. फक्त गोधडीखालचे अकरा उठले नाहीत. दवाने भिजून गोधडी अशी जड झाली होती की दांडे मधोमध मोडले होते. आणि कचऱ्याच्या डब्यामागे सात ट्यूलिप, ज्यांना झाकायचं मी साफ विसरलो होतो, ते ताठ उभे.

आईने मोडलेले अकरा उचलले. लाल होते ते गणपतीला वाहिले, बाकीचे स्टीलच्या तांब्यात ठेवले.

संध्याकाळी फोन पुन्हा थरथरला: आज रात्री 29. मी आईकडे बघितलं. ती आधीच गोधडीत शिरून, डोक्यावरून घेऊन झोपली होती.