मिक्सरवर दळून कपिंग होत नाही

इंदुरात छोट्या प्रमाणात कॉफी भाजणाऱ्यांत कपिंगबद्दल, म्हणजे कपात पूड भिजवून कॉफीची चव पारखण्याबद्दल, सध्या एक सल्ला जोरात फिरतोय: ‘कपिंगसाठी ग्राइंडरवर पैसे घालू नका. पूड नुसती भिजवायची असते, दळण कसंही चालतं. मिक्सरवर एकदाच फिरवा, पाच कपांत वाटा. माल जास्त असेल तर मसाल्याची चक्की आहेच.’

भिजवायची म्हणून कसंही? मिक्सरचं पातं दाणा दळत नाही, फोडतं. पिठासारखी भुकटीही निघते आणि अर्धेमुर्धे तुकडेही राहतात. भुकटी कडू उतरते, तुकड्यांतून धड काही उतरत नाही. मग कडवटपणा भाजणीचा की मिक्सरचा, ओळखणार कसं? एससीए (स्पेशालिटी कॉफी असोसिएशन) या संघटनेच्या पद्धतीत 70 ते 75 टक्के पूड 20 नंबरच्या, म्हणजे 850 मायक्रॉनच्या चाळणीतून पडायला हवी. ग्राइंडरच्या डायलवरचे आकडे एकमेकांना विचारण्यात अर्थ नाही. ते मशीनगणिक बदलतात.

एकदाच दळून वाटणं तर त्याहून वाईट. एका नमुन्याचे पाच कप मांडतातच कशाला? एखादा खराब दाणा असला तर तो एकाच कपात पकडला जावा म्हणून. रवांडा-बुरुंडीच्या कॉफीत कधीकधी कच्च्या बटाट्याचा वास मारणारा दाणा येतो. सगळं एकत्र दळलं की तो वास पाचही कपांत जातो आणि दोष एका दाण्याचा की अख्ख्या लॉटचा, कळत नाही. म्हणून प्रत्येक कपाचे दाणे वेगळे तोलायचे (150 मिलीला 8.25 ग्रॅम) आणि वेगळे दळायचे. नमुना बदलला की नव्यातले थोडे दाणे आधी दळून फेकायचे. मशीनमध्ये जुनी 2 ग्रॅम पूड अडकली असेल, तर कपातला जवळपास चौथा हिस्सा परका!

चक्कीबद्दल काय बोलायचं? सकाळी जिथे जिरावन (पोह्यांवरचा हिंग घातलेला इंदुरी मसाला) दळलं, तिथेच दुपारी कॉफी? हिंग पोह्यांवर ठीक, चिकमगळूरच्या अरेबिकात नको. ईके 43 सारख्या विजेवरच्या मोठ्या ग्राइंडरवर मसालेही दळतात हे खरं, पण म्हणून एकच मशीन दोन्हीला वापरायची नसते.

पैशांचा मुद्दा मात्र अर्धा बरोबर आहे. एकदोन बॅच चाखायच्या तर दाणे दळणाऱ्या 98 मिमी चकत्यांची ईके 43 लागत नाही. दातेरी चकत्यांचा चांगला हातग्राइंडर पुरतो, फक्त दर कपानंतर नीट झटकून रिकामा करायचा. सहा नमुने मांडायचे तर तीस कप होतात. दळल्यावर 15 मिनिटांत पाणी पडायला हवं, आणि तेवढं हाताने उरकत नाही. तिथे विजेवरचाच घ्या.