स्टेनलेस रिव्हॉल्व्हरचे खड्डे घरी घासू नका

कोकणातल्या परवानाधारकांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. ‘स्टेनलेसचं रिव्हॉल्व्हर गंजत नाही. डाग, खड्डे दिसले तरी ते वरवरचे असतात. मुलामा नाही, आतबाहेर एकच धातू; म्हणून घरीच ब्लीचने धुवा, पॉलिश पेपर मारा, नव्यासारखं होतं. कारागिराला पैसे कशाला?’ मला तो तिघांनी पाठवला. वाडीतले एक काका तर हत्यार फडक्यात गुंडाळून वर्कशॉपच्या दारात उभे राहिले. मी हात न लावता त्यांना परत पाठवलं. ते नाराज झाले, म्हणून सगळं नीट लिहितो.

माझं लेथचं काम रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा बोटींचे शाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारे दांडे, माझ्याकडे येतात. त्यातले बरेच स्टेनलेसचे, आणि गंजलेले.

‘गंजत नाही’ हे पहिलं चूक. स्टेनलेसला वाचवतो तो क्रोमियमचा ऑक्साइड थर, जाडी जेमतेम काही नॅनोमीटर. ओरखडा पडला तर हवेतला ऑक्सिजन तो थर परत भरून काढतो. पण खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड तो फोडतं, आणि हवा न पोचणाऱ्या जागी तो पुन्हा धरत नाही. मुठीच्या पट्टीखाली किंवा चामड्याच्या म्यानात नेमकं हेच होतं. काकांचं हत्यार कित्येक पावसाळे म्यानातच होतं. शिवाय बंदुकीचं स्टेनलेस स्वयंपाकघरातल्या सिंकसारखं नसतं. सिंकच्या चांगल्या पत्र्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. नळीसाठी वापरतात त्या ४१६ जातीत क्रोमियम १२ ते १४ टक्के, आणि यंत्रावर सहज कापलं जावं म्हणून मुद्दाम घातलेलं गंधक. त्या गंधकाच्या कणांपाशीच खड्डा सुरू होतो. १९१३ साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्लींच्या हाती हे पोलाद लागलं, तेही बंदुकीच्या नळ्यांची झीज कशी थांबेल हे शोधताना. पण तेवढ्याने ते समुद्रकाठी अमर ठरत नाही.

‘वरवरचे खड्डे’ हे त्याहून घातक. एका शाफ्टवर टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका होता. लेथवर कातत गेलो तसा ठिपका पुसायच्या ऐवजी रुंद होत गेला; तोंड बारीक, आत पोकळ. खड्ड्यात साचलेलं पाणी आम्लधर्मी होतं आणि क्लोराइड ओढून घेतं, त्यामुळे एकदा सुरू झालेली खोदाई आतल्या आत वाढते. बाहेरून खोली कळत नाही. शाफ्ट मोडला तर बोट ओढून आणता येते. रिव्हॉल्व्हर हातात असतं. .३२ लाँग काडतुसाचा कमाल दाब १५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) धरतात. मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असतो.

‘एकच धातू’ हे मात्र खरं. मुलामा उडायची भीती नाही, म्हणून बाहेरच्या बाजूचा फिका डाग तेल आणि नायलॉनच्या ब्रशने जात असेल तर जाऊ द्या. पण सिलिंडरची, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाची, पुढची बाजू आणि नळी यांच्यात ०.१ ते ०.२५ मिलिमीटरची फट असते. पेपर मारून ती वाढवलीत की तप्त वायू बाजूने जास्त निसटतो. काडतुसाच्या घरात खड्डे असतील तर फुगलेलं पितळ त्यात रुतून बसतं. तिथे पेपर घातलात की घरच मोठं होतं.

ब्लीच तर नकोच. ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे जखमेवर पुन्हा क्लोराइड. साध्या तारेची घासणीही नको; तिचे लोखंडी कण पृष्ठभागात रुततात आणि तेच गंजतात.

आणि कायदा. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो. तो माझ्याकडे नाही, तुमच्या बाळगण्याच्या परवान्यातही तो येत नाही. घासताना नंबर पुसला गेला तर कलम ८ आडवं येतं.

काका, हत्यार रिकामं करा, सिलिंडर उघडून पुन्हा बघा. कोरडं पुसा, तेलाचा हात फिरवा, म्यान वेगळं ठेवा. मग दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराला दाखवा. तो सिलिंडर बाद म्हणाला तर गोळी झाडू नका.