‘दुर्बिणीनेच करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “बाळाच्या छाती-पोटामधल्या पडद्याला जन्मतः भोक असेल तर जन्मल्या दिवशीच ऑपरेशन करा, तेही दुर्बिणीनेच. बाळ हमखास वाचतं, व्रण राहत नाही, पुन्हा त्रास नाही. पोट उघडणारे डॉक्टर जुनाट.”

व्रणाचं बरंचसं खरं आहे: तो राहतो, पण अगदी लहान.

‘जन्मल्या दिवशीच’ हा यातला सगळ्यात घातक सल्ला. आतडी छातीत सरकलेली एक्स-रेत दिसतात, पण मुख्य नुकसान गर्भातच झालेलं असतं: फुफ्फुसं खुरटलेली, त्यांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब चढलेला. भोक शिवलं म्हणून फुफ्फुस रातोरात वाढत नाही. पूर्वी अशी बाळं घाईने टेबलावर घेत. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून आधी श्वास आणि रक्तदाब स्थिर करायचा, मग शस्त्रक्रिया, ही रीत रुळली. तेव्हा ‘थांबू या’ म्हणणारा डॉक्टर टाळाटाळ करत नसतो.

‘हमखास वाचतं’? दुर्बिणीसाठी मुळात बऱ्या तब्येतीची, लहान भोकाची बाळं निवडतात, मग निकाल उजवे दिसणारच. शिवाय छातीत कार्बन डायऑक्साइड भरावा लागतो, आणि खुरट्या फुफ्फुसाला तो बाहेर टाकणं जड जातं. रक्तातली आम्लता वाढते. लंडनच्या एका छोट्या चाचणीत (२०१३) हे मोजून दिसलं.

‘पुन्हा त्रास नाही’ तर सरळ उलटं. एकत्र केलेल्या अभ्यासांत दुर्बिणीनंतर पडदा पुन्हा फाटण्याचं प्रमाण जास्त आढळतं. उघड्या शस्त्रक्रियेनंतर पुढे आतडी चिकटून अडथळा येऊ शकतो, हेही सांगायला हवं.

आणि जुनाट कोण? भोक मोठं असेल तर कृत्रिम पडदा बरगड्यांलगत शिवावा लागतो. दुर्बिणीतून ते फार अवघड. अर्ध्यावर पोट उघडणाऱ्या सर्जनला मी तरी शहाणाच म्हणेन.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट मात्र जास्त कामाची. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत हा दोष बऱ्याचदा दिसतो. दिसला, तर पहिलं बाळंतपण माहेरी हा हट्ट सोडा. नवजात बाळांचा व्हेंटिलेटर आणि बालशल्यचिकित्सक असलेलं रुग्णालय कळा सुरू व्हायच्या आधीच ठरवा, मग ते बेळगावात असो की कोल्हापुरात. तिथल्या लोकांना आधी कळवा: अशा बाळाला मास्क लावून हवा दाबली की ती पोटात जाते, छातीतली आतडी फुगतात आणि फुफ्फुस आणखी दबतं. त्याऐवजी थेट श्वासनलिकेत नळी घालतात आणि दुसरी नळी जठरात.